चार मिनिटं अकरा सेकंद

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. किती वाजले ते मला विचारू नका, ते मला जन्मात कधी कळलं नाही. माझ्या डोक्यावर एक खुंटी आहे. ती दाबली की माझा काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की निमूटपणे शून्यावर जाऊन उभा राहतो. एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला, एवढंच मी सांगू शकतो. पण तेवढ्या एका अकलेवर मी एके काळी फार मिरवलो. आज त्याचंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सांगायला बसलो आहे.

मी एका कारखान्यात तयार झालो. तिथे एक म्हातारे कारागीर डोळ्याला भिंग लावून माझ्या पोटात दातेरी चाकं बसवत होते. त्यांनी मला कानाशी धरलं, माझी टिकटिक ऐकली आणि खोक्यात ठेवलं. तिथून मी थेट एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथलं काम सोपं होतं. मुलं दोऱ्याला लोखंडी गोळी बांधून झुलवत आणि वीस झोके व्हायला किती सेकंद लागले ते माझ्याकडून घेत. एकदा एका मुलीच्या हातून मी फरशीवर आपटलो. काचेला तडा गेला आणि मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात टाकून दिलं. पुढे शाळेने नवी घड्याळं घेतली आणि जुन्या सामानाच्या यादीत माझं नाव लागलं.

त्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होते. परीक्षानळ्या धुणं, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, मुलांनी सांडलेलं पुसणं ही त्यांची कामं. मुलं त्यांना नळीमामा म्हणत. मला टाकून द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि मला रुमालात गुंडाळून घरी नेलं.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत नळीमामांची बायको शिवणयंत्रावर बसलेली असे. आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या बायकांचे कपडे ती शिवायची. मुलगी दहा वर्षांची होती, काटकुळी आणि बोलायला टोकदार. आईने तिचं नाव टाचणी ठेवलं होतं आणि घरात सगळे तिला त्याच नावाने हाक मारत.

या घराचा एक रिवाज होता. दर रविवारी सकाळी पेपरमध्ये मोठं शब्दकोडं यायचं. बापलेक दाराबाहेरच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर, ते सोडवायला बसत. दोघांत पेन्सिल एकच. एकाने शब्द सुचवला की दुसऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय तो लिहायचा नाही. आणि सगळ्यात शेवटचा शब्द राहिला की नळीमामा पेन्सिल तिच्या हातात देत आणि म्हणत, "शेवटचा शब्द टाचणीचा." मग ती जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरून काढायची. तो शब्द तिला आधीपासून येत असला तरी त्या क्षणापर्यंत ती तो पोटात ठेवायची.

मित्रांनो, मला त्या जिन्यावर पहिल्यांदा तिनेच नेलं.

"बाबा, आपल्याला किती वेळ लागतो ते बघू या का?" ती म्हणाली.

"बघू की!" मामा म्हणाले आणि माझी खुंटी दाबली.

त्या दिवशी बावन्न मिनिटं लागली. मध्ये चहा झाला, शेजारच्या काकूंशी गप्पा झाल्या, एका शब्दावरून दोघांचं भांडण झालं आणि मिटलंही. बावन्न मिनिटं ऐकून दोघं पोट धरून हसली. तसा रविवार पुन्हा आला नाही. कारण पुढच्या वेळी मामांनी आधी मला किल्ली दिली आणि मग पेपर उघडला.

शहराच्या वाचनालयात दर वर्षी शब्दकोड्यांची स्पर्धा होत असे. जोडीने भाग घ्यायचा. प्रत्येक टेबलावर एक पेन्सिल आणि एक घंटी. कोडं पूर्ण झालं की घंटी वाजवायची. टाचणी बारा वर्षांची झाली तेव्हा बापलेकीने नाव दिलं. पहिल्या वर्षी ती दोघं सातवी आली. ग्रंथपालांनी मुलीची पाठ थोपटली आणि मामांच्या डोळ्यांत चमक आली. ती कौतुकाची होती की हावेची, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग तयारी सुरू झाली. नळीमामा मुळात पद्धतशीर माणूस. नळ्या धुण्याचीसुद्धा त्यांची रीत ठरलेली होती. त्यांनी एक वही केली. पुन्हा पुन्हा येणारे दोन अक्षरी शब्द एका पानावर, तीन अक्षरी दुसऱ्यावर. जुन्या राजांची नावं, नद्या, फुलं, वाद्यं वेगवेगळी. रोज संध्याकाळी टाचणीकडून ती पाठ करून घेत. त्यांनी तिला रिकाम्या जागा भरण्याच्या सूचना आधी हेरायला शिकवलं. हात एक शब्द लिहीत असताना डोळ्यांनी पुढची सूचना वाचायला शिकवलं. अडलं तर तिथे रेंगाळायचं नाही, पुढे सरकायचं. अक्षर सुंदर काढायचं नाही, नुसतं वाचता आलं तरी पुरे. या सगळ्यात खोटं काहीच नव्हतं. बावन्नवरून तीसवर आलो, तीसवरून अठरावर. मी मामांच्या तळहातावर असायचो. ते मला फडक्याने पुसत, तडा गेलेल्या काचेवर फुंकर घालत आणि म्हणत, "हा आपला गुरू आहे बरं का." मी अगदी चढून गेलो होतो.

टाचणीचं मात्र एक अडायचं. तिला सूचना आवडायच्या. एखादी छान सूचना आली की ती थांबायची. "बाबा, काय मस्त विचारलंय बघा ना," असं म्हणून ती मोठ्याने वाचून दाखवायची.

"उत्तर लिही आधी," मामा म्हणायचे, "विचारणाऱ्याचं कौतुक नंतर कर."

नंतर कधी वेळ व्हायचाच नाही, कारण नंतर दुसरं कोडं तयार असायचं.

ती सतरा वर्षांची झाली त्या वर्षी ती दोघं जिंकणार, असं सगळं वाचनालय म्हणत होतं. आईने दोघांना एकाच कापडाचे सदरे शिवून दिले होते. सभागृहात पंचवीस टेबलं होती आणि मी मामांच्या डाव्या हातात होतो. कोडं झरझर भरत गेलं. नऊ मिनिटं वीस सेकंद झाले तेव्हा एकच शब्द उरला होता. रिवाजाप्रमाणे पेन्सिल टाचणीच्या हातात होती. तिने सूचना वाचली आणि उत्तर तिला लगेच आलं. हे मी खात्रीने सांगतो, कारण तिचा चेहरा मला समोर दिसत होता. ती लिहायला वाकली नाही. तिने आधी मान वर केली आणि बाबांकडे बघून हसली. जिन्यावर हसायची तशी.

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"काय करतेस!" असं म्हणून त्यांनी तिच्या हातातून पेन्सिल ओढली, शब्द खरडला आणि घंटीवर हात आपटला. पण त्याच्या आधी पलीकडच्या टेबलावर घंटी वाजली होती. निकाल लागला. दुसरा क्रमांक, तीन सेकंदांनी.

लोक टाळ्या वाजवत होते. मामांनी मला तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि आजूबाजूला माणसं असताना म्हणाले, "हे बघ. तीन सेकंद. हे तीन सेकंद तुझे."

टाचणीने पेन्सिल उचलली, टेबलावर नीट ठेवली आणि बाहेर गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की ते तीन सेकंद कशाला लागले. पण मला फक्त काटा आहे आणि तो मामांच्याच बाजूने साक्ष देत होता.

त्यानंतर ती जिन्यावर आली नाही. अभ्यास आहे, म्हणायची. पुढे शिकायला परगावी गेली आणि तिथेच एका वर्तमानपत्रात तिला नोकरी लागली, छापायच्या आधी मजकुरातल्या चुका तपासायची. घरी फोन करायची, पण आईशी बोलायची. बाबांच्या वाट्याला "तब्येत बरी आहे ना?" एवढंच यायचं. मामांनी माफी मागितली नाही. ती मागायची असते, हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. "पोरीला हरणं सहन होत नाही," असं ते बायकोला सांगत आणि पुन्हा मला किल्ली देत. पुढे वाचनालयाने एकेकट्यांची स्पर्धा सुरू केली. ती मामांनी चार वेळा जिंकली. कपाटावर कप मांडले गेले आणि मला कपांच्या मधोमध निळ्या मखमलीच्या तुकड्यावर जागा मिळाली.

आणि मग त्यांना ती युक्ती सापडली. तिचा त्यांना भारी अभिमान होता. कोड्यातलं जवळपास प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही असतं आणि उभ्या शब्दातही. म्हणजे आडवे सगळे आले की उभे आपोआप भरतात. मग उभ्यांच्या सूचना वाचायच्याच कशाला? निम्मा वेळ वाचतो! एखादा चौकोन सुटलाच तर तो अंदाजाने भरता येतो. मामांनी उभ्यांच्या रकान्याकडे बघणं सोडून दिलं. दहा मिनिटांवरून आम्ही सहावर आलो.

त्याच सुमाराला रविवारच्या पेपरमधलं कोडं बदलल्यासारखं वाटू लागलं. कोडं कोण तयार करतं ते पेपर कधी छापत नसे. पण मामा बायकोला म्हणाले, "अगं, हा नवा कोडेवाला झकास आहे. माझ्यासारखाच विचार करतो. सूचनेचं पहिलं टोक दिसलं की मला उत्तर समजतं. याचं कोडं मी डोळे मिटून सोडवीन!"

"मग मिटूनच सोडवा, चष्म्याचा नंबर तरी वाढणार नाही," बायको म्हणाली आणि तिने यंत्राला पाय लावला.

ते प्रत्येक कोडं कापून फाइलला लावत आणि कोपऱ्यात वेळ लिहीत. पाच मिनिटं चाळीस. पाच मिनिटं दोन. एका रविवारी मी थांबलो तो चार मिनिटं अकरा सेकंदांवर. मामांनी त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं. त्याच दिवशी टाचणीचा फोन आला तेव्हा त्यांनी कधी नव्हे तो बायकोच्या हातून फोन घेतला.

"ऐकलंस का? रविवारचं कोडं. चार मिनिटं अकरा सेकंद!"

मला तिचा आवाज येत होता. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होतो.

"तुम्ही सोडवता बाबा, रविवारचं?"

"एकही चुकवत नाही."

"मग..." ती जरा थांबली. "उभे शब्द कसे वाटले?"

"उभे?" मामा हसले. "उभे कोण वाचतं! तीच तर गंमत आहे. आडवे भरले की उभे आपोआप येतात. तुला शिकवतो ये, तूही पाच मिनिटांच्या आत येशील."

ती म्हणाली, "आईला द्या फोन."

पुढे पाच रविवार तशी कोडी आली. सहाव्या रविवारी कोडं वेगळ्याच माणसाने केल्यासारखं होतं. मामा चरफडले. "गेला वाटतं तो. चांगला माणूस टिकतच नाही कुठे." मग हळूहळू मामांचं वय झालं, हात कापू लागला. स्पर्धेला जाणं थांबलं. कपांवर धूळ बसली, माझ्यावरही बसली. वर्ष वर्ष मला कुणी किल्ली दिली नाही.

यंदा मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली. दोन दिवसांत त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुमची ती जुनी फाइल काढते. मी सूचना वाचते, तुम्ही तोंडाने उत्तरं सांगा. पण माझं डोकं खाऊ नका."

तिने कपाटावरून फाइल काढली. मामांनी हात लांब केला म्हणून मलाही काढलं. जुनी सवय. त्यांनी मला किल्ली दिली आणि खुंटीवर अंगठा ठेवला. तिने आडव्यांच्या सूचना वाचल्या, मामांनी उत्तरं दिली.

"झालं. पुढचं कोडं घे," मामा म्हणाले.

"झालं कसं? उभे राहिलेत की."

"उभे वाचायचे नसतात."

"का? छापलेत ना? मी काय एक बाही शिवून दुसरी तशीच सोडते का?" आणि मामांचं काही न ऐकता तिने चष्मा वर सारला आणि वाचायला लागली. "तीन. दोघांनी मिळून कोडं सोडवायला बसायची जागा, याच्या तिसऱ्या पायरीवर. दोन अक्षरं."

मामा हळूच म्हणाले, "जिना."

"हो, जिनाच लिहिलंय तुम्ही. आठ. मोठ्यांनीही मागायला हरकत नाही अशी. दोन अक्षरं. माफी लिहिलंय." ती थांबली. "अहो, हे काय आहे?"

"पुढचं कोडं घे," मामा म्हणाले. पण आवाज वेगळा होता. "त्यातले उभे वाच. फक्त उभे."

तिने वाचले. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक कोड्यात बाकीच्या सूचना चारचौघांच्या कोड्यात असतात तशाच होत्या, पण एखाद-दुसरी वेगळी असायची. परक्या वाचकाला त्यात काही वावगं दिसलं नसतं. या घरातल्या माणसाला मात्र ती दाराशी येऊन उभी राहिल्यासारखी होती. दुपारपर्यंत अठरा कोडी झाली, तेव्हा मामांनी मधली सोडून थेट लाल वर्तुळाचा कागद काढायला लावला. चार मिनिटं अकरा सेकंद.

"सोळा," बायको वाचू लागली. "हे यायला तीन सेकंद पुरतात, बघणारा मात्र हवा. दोन अक्षरं."

तिथे मामांच्याच खरडलेल्या अक्षरात शब्द होता. हसू.

मामांनी मला टेबलावर पालथं ठेवलं. डोळ्यांवरची हिरवी पट्टी त्यांनी हाताने दाबून धरली. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली होती, पण ते जमलं नाही. "माझ्याकडे बघून हसली होती गं ती," ते म्हणाले. "आणि मी घड्याळ बघत होतो."

बायकोने काही न विचारता फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि तो टेबलावर माझ्या शेजारी ठेवला.

"आई, बोल."

"मी बोलतोय."

"बाबा? डोळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. टाचणे, तुझी कोडी सोडवतोय."

ती म्हणाली, "ती तर तुम्ही तेव्हाच सोडवली होती. चार मिनिटं अकरा सेकंद."

"नाही गं," मामा म्हणाले. "नुसती भरली होती. सोडवली नव्हती. माझं चुकलं. त्या दिवशी सभागृहात चुकलं आणि मग दर रविवारी चुकत गेलं."

पलीकडे शांतता होती. ती किती वेळ गप्प होती ते मला सांगता येणार नाही, मित्रांनो. मला कुणी चालू केलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "आता कितव्या कोड्यावर आहात?"

"एकोणिसाव्या."

"एकूण त्र्याहत्तर आहेत."

"मग तू ये ना. उरलेली आपण जिन्यावर..."

"बाबा, आता मी कोडी करत नाही. सोडवतही नाही," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता, दमलेला होता. "बघते. जमलं तर येईन."

या घरात 'बघते' म्हणजे हो असतं आणि नाहीही असतं.

त्याला आता दोन महिने होतील. पट्टी होती तोवर बायको रोज एक कोडं वाचून दाखवायची. ती निघाल्यापासून मामा स्वतःच रोज एक कोडं घेतात आणि सूचना न सूचना वाचतात, आधी उभ्या. काही ठिकाणी ते थांबतात आणि कुणी समोर नसताना म्हणतात, "काय मस्त विचारलंय." काल ते त्र्याहत्तराव्या कोड्यावर आले. शेवटची उभी सूचना होती, 'कापड धरून ठेवणारी. शेवटचा शब्द हिचा. तीन अक्षरं.' सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे 'टाचणी' लिहिलं होतं. लेकीचं नाव लिहिलं आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. कोपऱ्यात वेळ आहे, चार मिनिटं तीस सेकंद.

मामांनी खोडरबर घेतला आणि ती तीन अक्षरं खोडली. कागद जुना, त्यामुळे अक्षरांचे वळ अजून दिसतात. तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला आहे, शेजारी टोक केलेली पेन्सिल आणि त्यावर मी, कागद उडू नये म्हणून. आता मला तेवढंच काम आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की मामा मान वर करतात. आजवर ते पाऊल दर वेळी कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांचंच निघालं आहे.

मित्रांनो, मला किल्ली द्या, माझ्याकडून वेग शिका, माझी काही तक्रार नाही. त्यासाठीच माझा जन्म आहे. माझी काच पुसा, मला फरशीवर पाडू नका. पण तुमच्या शेजारी बसलेलं कुणी जर लिहायचं थांबून, मान वर करून तुमच्याकडे बघून हसलं, तर हात जोडून सांगतो, तेवढे तीन सेकंद माझ्याकडे बघू नका.